आवडते पुस्तक दुसऱ्याच्या हाती कसे द्यावे

काही वर्षांपूर्वी आम्ही अठरा वाचक एका संध्याकाळी एकत्र बसलो आणि प्रत्येकाने आपल्या आजवरच्या सर्वांत आवडत्या पाच पुस्तकांची नावे सांगितली. एकाने ती टिपून घेतली. दोनदा आलेली नावे वगळता ७१ पुस्तकांची यादी तयार झाली आणि ती सर्वांना पाठवण्यात आली. तीन महिन्यांनी पुन्हा भेटलो तेव्हा लक्षात आले की त्या यादीतले एकही नवे पुस्तक कोणी उघडलेले नव्हते. जमलेले सगळे नेमाने वाचणारे होते, त्यामुळे दोष वाचकांचा नव्हता. यादीत नावे होती, लेखक होते, पण ते पुस्तक सांगणाऱ्याला का आवडले हे एकाही नावापुढे लिहिलेले नव्हते. पुढच्या बैठकीला आम्ही प्रत्येकी एकच पुस्तक सोबत आणले आणि त्याविषयी पाच-पाच मिनिटे बोललो. त्या संध्याकाळी सहा पुस्तके हातोहात गेली आणि त्यांतली चार पूर्ण वाचून परत आली.

तेव्हापासून मी याच पद्धतीचा आग्रह धरत आलो आहे. आवडते पुस्तक सांगण्यासाठी थोडी तयारी लागते. ती कशी करावी, याचे टप्पे पुढे क्रमाने दिले आहेत.

पहिला टप्पा : यादी आठवणीतून करावी

पुस्तकांच्या कपाटासमोर बसून यादी करू नये. कपाट समोर असले की नजर जाड आणि प्रतिष्ठित पुस्तकांवर जाते, आणि आवडलेल्या पुस्तकांऐवजी आदर वाटणाऱ्या पुस्तकांची यादी तयार होते. कोरा कागद घ्यावा, वीस मिनिटे ठरवून घ्यावीत आणि जी नावे आपोआप आठवतील ती क्रम न लावता लिहावीत. पहिली पाच-सहा नावे झरझर येतात. मग थोडी शांतता पसरते आणि त्यानंतर जी नावे वर येतात ती बहुधा जास्त खरी असतात, कारण सांगण्यासाठी आपण ती कधीच तयार ठेवलेली नसतात.

यानंतर प्रत्येक नावापुढे स्वतःला काही प्रश्न विचारावेत. हे पुस्तक मी आपणहून पुन्हा वाचले आहे का? सगळे नाही, तरी त्यातली काही पाने? माझी प्रत कोणी नेली आणि परत आली नाही, तेव्हा मी दुसरी मिळवली का? माझ्या बोलण्यात त्यातला एखादा शब्द किंवा एखादे माणूस अजूनही येते का? ज्या पुस्तकाविषयी या सगळ्यांची उत्तरे नकारार्थी येतात, ते थोर असू शकेल, परंतु ते तुमचे आवडते नाही. थोर आणि आवडते यांत कमीजास्त काही नाही. फक्त थोर पुस्तकाची शिफारस करायला इतर पुष्कळ जण आहेत आणि तुमच्या आवडत्या पुस्तकाविषयी तुमच्याइतके नीट दुसरा कोणी बोलू शकणार नाही.

याच वेळी काही नावे खोडावीशी वाटतात. लहानपणची साहसकथा, प्रवासात वाचलेली रहस्यकथा, कोणत्याही अभ्यासक्रमात किंवा पुरस्कारांच्या यादीत नसलेली एखादी कौटुंबिक कादंबरी. ती खोडू नयेत. माझ्या अनुभवात अशाच पुस्तकांविषयी माणसे सर्वांत नेमके बोलतात, कारण त्या पुस्तकांवर वापरायला उसनी वाक्ये उपलब्ध नसतात.

दुसरा टप्पा : सांगण्यापूर्वी पुन्हा उघडावे

स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना असे आढळले आहे की उतारवयात माणसाला आयुष्यातल्या इतर काळापेक्षा साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी जास्त आठवतात. आवडत्या पुस्तकांच्या याद्यांमध्ये शाळा-कॉलेजच्या दिवसांतली पुस्तके गर्दी करतात, त्यामागे हेही एक कारण असावे. त्यात वावगे काही नाही. मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वी वाचलेले पुस्तक आज जसेच्या तसे आठवते आहे, असे गृहीत धरून त्याविषयी बोलू नये.

एका कादंबरीतला पावसाचा प्रसंग मी अनेक वर्षे लोकांना सांगत असे. नायिका पत्र हातात घेऊन दाराशी उभी आहे, बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि अक्षरे ओघळत आहेत. एकदा तो उतारा वाचून दाखवण्यासाठी शोधू लागलो. पत्र सापडले, दार सापडले, ती उभी असलेली सापडली. पाऊस मात्र कुठेच नव्हता. प्रसंग भर दुपारचा, कोरड्या उन्हाचा होता. ते पान खालच्या कोपऱ्यात फुगून वाळलेले होते आणि तिथली शाई किंचित पसरलेली होती. मी ते पुस्तक पावसाळ्यात, उघड्या खिडकीशी बसून वाचले होते. तेव्हापासून कोणत्याही पुस्तकाविषयी बोलण्यापूर्वी मी निदान पहिली तीस पाने आणि मला आठवणारा प्रसंग पुन्हा वाचतो.

या फेरवाचनातून तीन निष्कर्ष निघू शकतात. पुस्तक आजही तितकेच आवडले तर प्रश्नच नाही. ते आवडले, पण वेगळ्याच कारणासाठी, असे झाले तर दोन्ही कारणे सांगावीत; ऐकणाऱ्यासाठी तो फरकच मोलाचा असतो. आणि पूर्वीची जादू उरली नसेल, तर तसे प्रामाणिकपणे सांगून पुस्तक ज्या वयाचे आहे त्या वयाच्या वाचकाकडे पाठवावे. चौदाव्या वर्षी जीव लावलेले पुस्तक आज चौदा वर्षांचे असलेल्या कोणाला तरी हवेच असते.

तिसरा टप्पा : आपण कोणत्या दाराने आत शिरलो ते ओळखावे

नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी वाचकांना पुस्तके सुचवण्याच्या कामातून एक साधी, अतिशय उपयोगी मांडणी केली. त्यांच्या मते वाचक पुस्तकात चार दारांपैकी एखाद्या दाराने शिरतो : कथा, पात्रे, स्थळ आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही दारे असतात, परंतु त्यांतले एखादे ऐसपैस आणि दुसरे अरुंद असते. शिफारस फसते ती बहुधा येथेच. मी भाषेच्या दाराने शिरलेलो असतो आणि ज्याला पुस्तक देतो त्याला कथेचे दार हवे असते. त्याला ते उघडलेले दिसत नाही आणि तो बाहेरूनच परततो.

मराठीतली उदाहरणे घेतली तर हे लगेच स्पष्ट होईल. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची कादंबरी बोटीवरच्या प्रवासात घडते; दुसरे महायुद्ध तोंडावर आलेले आहे, भारतात परतणारा एक तरुण आणि जर्मनीतून बाहेर पडलेली एक ज्यू तरुणी भेटतात, आणि प्रवास संपणार हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. येथे कथेचे दार मोठे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपण माणसांसाठी शिरतो, आणि त्यांत सर्वांत आधी खुद्द लक्ष्मीबाईंसाठी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त स्थळच मुख्य आहे : ती वस्ती, तो माळ, त्या मेंढ्या. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’विषयी १९६३ पासून आजवर जे प्रेम आणि जो वाद झाला, त्याचा मोठा भाग तिच्या भाषेभोवती फिरतो. ज्याला ती भाषा पहिल्या दहा पानांत भावत नाही त्याला कथानक सांगून पटवण्यात काही अर्थ नसतो.

आपले दार ओळखण्यासाठी एक सोपी कसोटी आहे. पुस्तक मिटून ठेवावे आणि त्यातले पहिले काय आठवते ते पाहावे. काय घडले ते आठवले तर कथा, कोणी तरी आठवले तर पात्र, कुठे तरी गेल्यासारखे वाटले तर स्थळ, आणि एखादे वाक्य कानात वाजले तर भाषा. ज्याला पुस्तक द्यायचे आहे त्यालाही तेच विचारावे, फक्त थेट नव्हे. ‘तुला कसली पुस्तके आवडतात?’ या प्रश्नाला माणसे ऐतिहासिक, विनोदी, वैचारिक असे ठोकळेबाज उत्तर देतात. त्याऐवजी ‘शेवटचे कोणते पुस्तक संपू नये असे वाटले, आणि त्यातले काय लक्षात आहे?’ असे विचारले की त्याचे दार आपोआप कळते.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे. ही दोन्ही वाक्ये एकच वाटतात, पण तशी ती नाहीत. पहिल्यात आपण माणसापासून निघतो, दुसऱ्यात पुस्तकापासून. आवडते पुस्तक सांगणारा नेहमी दुसऱ्या बाजूने निघालेला असतो, म्हणून त्याने पहिली बाजू मुद्दाम तपासावी लागते.

चौथा टप्पा : कोणती आवृत्ती, कोणाचा अनुवाद

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नंतर गोंधळ होतो. अँथनी बर्जेस यांची ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ ही कादंबरी १९६२ साली ब्रिटनमध्ये २१ प्रकरणांची प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या आवृत्तीत शेवटचे प्रकरण गाळले गेले आणि ते तिथे परत यायला १९८६ साल उजाडले. म्हणजे दोन वाचकांनी हेच पुस्तक आपले आवडते म्हणून सांगावे आणि दोघांच्या मनातला शेवट अगदी वेगळा असावा, असे सहज होऊ शकते. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकन्स्टाइन’चेही तसेच आहे; १८१८ची पहिली आवृत्ती आणि लेखिकेने स्वतः बदल करून काढलेली १८३१ची आवृत्ती यांत मोठा फरक आहे. गाजलेल्या जाड पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्या तर सर्वत्र मिळतात आणि त्यांतल्या काहींवर ‘संक्षिप्त’ हा शब्द फार बारीक अक्षरांत असतो.

अनुवादाच्या बाबतीत अनुवादकाचे नाव सांगणे हे मी कर्तव्यच मानतो. आल्बेर काम्यू यांच्या १९४२ सालच्या ‘लेत्रांजे’ या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात नायक आपल्या आईचा उल्लेख ‘मामाँ’ असा करतो. स्ट्युअर्ट गिल्बर्ट यांनी १९४६ साली इंग्रजीत तिथे ‘मदर’ असा शब्द घातला; मॅथ्यू वॉर्ड यांनी १९८८ साली ‘मामाँ’ तसाच ठेवला. लेकराच्या तोंडचा जिव्हाळ्याचा शब्द आणि थोडा परका, औपचारिक शब्द यांतून त्या नायकाविषयी वाचकाचे मत पहिल्या ओळीतच बदलते. तेव्हा ‘मला तो लेखक आवडला नाही’ असे कोणी म्हणाले, तर त्याने वाचलेला अनुवाद कोणाचा होता, हे आधी विचारावे.

ही सगळी माहिती शीर्षकपृष्ठाच्या मागच्या पानावर असते : आवृत्ती, पुनर्मुद्रण, वर्ष, मूळ नाव, अनुवादक. तेथेच आयएसबीएन असतो. १ जानेवारी २००७ पासून तो १३ आकडी झाला आहे. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर १० आकडी दिसेल. मजकूर बदललेली नवी आवृत्ती, कापडी बांधणी आणि कागदी बांधणी यांना वेगवेगळे क्रमांक मिळतात. त्यामुळे आपण वाचलेलीच आवृत्ती समोरच्याला हवी असेल, तर नावाबरोबर हा क्रमांक कळवणे सर्वांत खात्रीचे.

पाचवा टप्पा : बोलण्याची पाच मिनिटे

आता प्रत्यक्ष सांगणे. ‘अप्रतिम पुस्तक आहे, जरूर वाच’ या वाक्यातून ऐकणाऱ्याला पुस्तकाविषयी काहीच कळत नाही. कळते ते एवढेच की बोलणारा खूष आहे. विशेषणे काढून टाकली की बोलायला काय उरते ते पाहावे, आणि जे उरेल तेवढेच बोलावे.

मी क्रम असा ठेवतो. पुस्तक माझ्याकडे कसे आले, हे दोन वाक्यांत. ते कशाविषयी आहे, हे तीन वाक्यांत. मग एक उतारा वाचून दाखवायचा. मग ते कोणाला आवडणार नाही, हे सांगायचे आणि थांबायचे. ‘बनगरवाडी’चेच उदाहरण घेऊन सांगतो : “एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा वस्तीवर शाळा चालवायला येतो. मुले मेंढ्यांमागे जातात, शाळेत कोणी येत नाही, आणि त्या माणसांत आपली जागा कशी करायची हे त्याला शोधावे लागते. १९५५ सालची ही कादंबरी लहानखुरी आहे, वाक्ये आटोपशीर आहेत, आणि लेखक कुठेही कोणाची कीव करत नाही. ज्यांना पानापानाला मोठी घडामोड लागते त्यांना ती संथ वाटेल.” यात एकही कौतुकाचे विशेषण नाही, तरीही ज्याला ती वाचायची आहे त्याला नेमके कळते.

शेवट सांगू नये, हे सर्वांनाच ठाऊक असते; अडचण मधल्या भागाची असते. माझा नियम असा की पुस्तकाच्या पहिल्या पाचव्या हिश्शात जे कळते तेवढेच सांगायचे. मात्र एक अपवाद मी कटाक्षाने पाळतो. पुस्तकात मुलाचा मृत्यू, आत्महत्या, अत्याचार असे काही असेल आणि ऐकणाऱ्याच्या घरी तशी जखम ताजी असेल, तर त्याला बाजूला घेऊन तेवढे सांगावे. रहस्य थोडे फुटले तरी चालेल.

उतारा निवडताना पुस्तकातला सर्वांत उत्कट भाग टाळावा, कारण त्यामागे जमलेला शंभर पानांचा भार ऐकणाऱ्याकडे नसतो. पहिल्या तीस-चाळीस पानांतला, स्वतःपुरता पूर्ण असा तुकडा घ्यावा. दीडशे ते दोनशे शब्द पुरतात. सावकाश वाचले तर दीड-दोन मिनिटे लागतात. काही पुस्तकांची रचनाच यासाठी सोयीची असते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ एकेका रात्री सांगितलेल्या आठवणींतून उलगडते, अशा एकूण ४२ रात्री. त्यांतली कोणतीही एक रात्र निवडता येते. उतारा घरी मोठ्याने एकदा वाचून पाहावा. कुठे अडखळतो, कुठे श्वास पुरत नाही हे आधीच कळते आणि आयत्या वेळी पाने उलटत बसण्याची वेळ येत नाही.

‘कोणाला आवडणार नाही’ हे सांगताना पुष्कळांची जीभ अडखळते; आपल्याच लाडक्या पुस्तकाचे उणे काढल्यासारखे वाटते. परंतु माझ्या अनुभवात ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो तो याच वाक्यानंतर. सुरुवातीची पन्नास पाने रेंगाळतात, पात्रांची नावे एकसारखी आहेत, स्त्रियांविषयीची काही मते आज खटकतात, असे जे असेल ते म्हणावे.

सहावा टप्पा : दिल्यानंतर गप्प राहावे

एका जवळच्या मित्राला मी माझे अत्यंत आवडते पुस्तक दिले आणि दर आठवड्याला ‘कुठवर आलास?’ असे विचारत राहिलो. तिसऱ्या आठवड्यात तो विषय बदलू लागला. दोन महिन्यांनी पुस्तक परत आले. मी घातलेली खुणेची दोरी होती त्याच पानावर होती. पुढे बऱ्याच दिवसांनी तो म्हणाला, “तुला काय उत्तर द्यायचं याचंच ओझं झालं होतं रे, वाचणार कसा?” त्याचे म्हणणे मला पूर्ण पटले. तेव्हापासून पुस्तक देताना मी सोडून देण्याची परवानगीही सोबत देतो.

त्यासाठीही नॅन्सी पर्ल यांचाच एक नियम आहे : पन्नास पाने वाचावीत आणि मग पुढे जायचे की नाही ते ठरवावे. वय पन्नाशीपुढे असेल तर शंभरातून वय वजा करून जितकी उरतील तितकी पाने वाचावीत. म्हणजे सत्तरीच्या वाचकाला तीस पाने पुरतात. हा नियम मी पुस्तक हाती देतानाच सांगतो, आणि मग समोरचा स्वतः बोलेपर्यंत विचारत नाही.

पुस्तक न आवडता परत आले, तर त्याची बाजू मांडू लागू नये. कोणत्या पानावर थांबलास, एवढे विचारावे आणि ते पान स्वतः उघडून पाहावे. कित्येकदा तिथे खरोखरच एक खळगा असतो, आणि आपण प्रेमापोटी तो न पाहता ओलांडलेला असतो.

दुसऱ्याचे आवडते पुस्तक ऐकतानाही हेच लागू होते. त्याचे बोलणे संपताच ‘यावरून मला आठवले’ म्हणत आपले पुस्तक पुढे करू नये. एक प्रश्न त्याच्या पुस्तकाविषयी विचारावा आणि उत्तर पूर्ण ऐकावे.

एकत्र बसायचे असेल तर

सहा ते आठ माणसे पुरेत. प्रत्येकाला पाच मिनिटे बोलायला आणि पाच मिनिटे प्रश्नांना दिली, तरी आठ जणांना ऐंशी मिनिटे होतात, आणि यापुढे ऐकणारा थकतो. प्रत्यक्ष प्रत आणणे सक्तीचे ठेवावे. पुस्तक हातात फिरले पाहिजे, उघडले गेले पाहिजे. जुन्या प्रती आपसूक ज्या पानावर उघडतात ते पान पाहणेही एक सांगणेच असते.

मतदान घेऊन क्रमांक लावण्याचा मोह टाळावा. ब्रिटनमध्ये २००३ साली बीबीसीने लोकांकडून सर्वांत लाडक्या कादंबरीसाठी मते मागवली आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ पहिली आली. अशा मतदानातून कोणते पुस्तक किती दूरवर पोहोचले आहे ते कळते, आणि एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते कळणे रंजक असतेही. परंतु आठ जणांच्या खोलीत मतदान झाले तर जे पुस्तक चौघांनी आधीच वाचले आहे ते जिंकते, आणि एकानेच वाचलेले, ज्यासाठी सगळे जमले होते, ते मागे पडते.

नोंदवही आणि प्रत

शक्य असेल तर आवडत्या पुस्तकाच्या दोन प्रती असाव्यात. एक आपली, खुणांची आणि समासातल्या टिपणांची. दुसरी कोरी, देण्यासाठी. अधोरेखित केलेली प्रत पहिल्या वाचनासाठी देणे मला पटत नाही, कारण नव्या वाचकाची नजर आपल्या रेषांवरून चालू लागते आणि त्याला स्वतःचे काही सापडायच्या आत आपले सापडते. त्याने एकदा वाचून झाल्यावर मात्र आपली प्रत जरूर दाखवावी. दोघांच्या खुणा शेजारी ठेवून पाहण्यासारखा आनंद वाचकाला क्वचित मिळतो.

नोंदवहीत सहा रकाने पुरतात : तारीख, पुस्तक आणि आवृत्ती, सांगणारा, त्याचे एक वाक्य त्याच्याच शब्दांत, कोणी नेले, आणि नेणाऱ्याचे वाक्य. चौथा आणि सहावा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे ‘छान’, ‘सुंदर’ लिहू देऊ नये; काय आठवते ते लिहायला सांगावे. आमच्या वहीत एक लहानशी कादंबरी दोन वर्षांत पाच जणांकडे फिरलेली आहे. पहिल्याने लिहिले आहे, “बापलेकाची गोष्ट.” तिसरीने लिहिले आहे, “आई एकदाही बोलत नाही, ते पाहा.” पाचव्याने दोन्ही वाक्ये वाचून पहिल्याकडून पुस्तक पुन्हा मागून घेतले आणि ते सध्या दुसऱ्यांदा त्याच्याकडे आहे.